आकाशाला वाट नाहीं

वाङ्मयाला वाहिलेल्या मासिकांत व्हिडिओ गेमची चर्चा कशाला, असें कांहीं वाचक विचारतील, आणि तसें विचारण्याचा त्यांना अधिकार आहे. एके काळीं कादंबरीला व पुढें बोलपटालाहि याच उंबरठ्यावर उभें राहून आपली ओळख पटवावी लागली होती. ज्या कलाप्रकारापुढें आपलीं मुलें रोज कांहीं तास बसतात, आणि ज्यांत प्रवास, भय, कुतूहल, एकाकीपणा हे वाङ्मयाचेच विषय हाताळले जातात, त्याच्याकडे टीकेनें पाठ फिरविली तर नुकसान टीकेचेंच आहे. तेव्हां अधिक प्रस्तावना न करतां मूळ प्रश्नाकडे वळतों.

ज्यांना इंग्रजींत ‘ओपन वर्ल्ड’ म्हणतात ते मोकळ्या जगाचे खेळ आज उदंड आहेत. खेळणाऱ्याला एका विस्तीर्ण प्रदेशांत सोडून द्यावयाचें, आणि कोठें जावें, कोणाला भेटावें, कोणतें काम आधीं करावें हें त्याच्या मर्जीवर ठेवावयाचें, ही त्यांची रीत. २००१ सालच्या ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ३’ या खेळानें एक संपूर्ण शहर असें मोकळें करून दिलें. त्यानंतर ‘स्कायरिम’ (२०११), ‘द विचर ३’ (२०१५), ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ (२०१७), ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ (२०१८) या खेळांनीं मध्ययुगीन राज्यें, हिमाच्छादित डोंगर, अमेरिकेंतील गवताळ मैदानें हीं सर्व आपल्या पायांखालीं आणून दिलीं. परंतु जें सर्वांत मोकळें, ज्याला कुंपणच नाहीं, तें अंतराळ मात्र या प्रकारांत विरळाच सांपडतें. विज्ञानकथेला अंतराळाची एवढी ओढ, चित्रपटाला तर त्याहून अधिक. आणि तरीहि चाळीस वर्षांत नांव घेण्याजोगे असे खेळ थोडकेच निघाले. मोकळेपणाचा खेळ आणि मोकळेपणाची परमावधि असलेलें स्थळ यांचें जमत कां नाहीं?

नेहमीं दिलें जाणारें उत्तर खर्चाचें आहे. एक शहर उभारावयास शेंकडों चित्रकार, लेखक व यंत्रज्ञ वर्षानुवर्षें राबतात. मग ग्रहच्या ग्रह कोणीं उभारावे? शिवाय अंतराळाचा खेळ म्हणजे एकांत दोन खेळ: एक यान चालविण्याचा, दुसरा यानांतून उतरून पायीं हिंडण्याचा. दोन्ही सारखेच साधले पाहिजेत. आणि तलवार म्हणजे काय हें कोणाला सांगावें लागत नाहीं, पण परग्रहावरील प्रत्येक वस्तु आधीं कल्पावी लागते व मग तिचा उपयोग खेळणाऱ्याला शिकवावा लागतो. हें सर्व खरें आहे, पण पुरेसें नाहीं. ‘स्टार सिटिझन’ नांवाच्या खेळासाठीं २०१२ पासून लोकवर्गणी गोळा होऊं लागली, आणि २०२४ पर्यंत ती ७० कोटि डॉलरांच्या वर गेली होती. एवढें धन ओतूनहि त्या वर्षापर्यंत तो पुरा झाला नव्हता. लोक त्याचे तयार झालेले भाग खेळत होते व उरलेल्याची प्रतीक्षा करीत होते. उलट ज्या खेळापासून या प्रकाराची खरी कीर्ति झाली, तो केंब्रिजच्या दोन विद्यार्थ्यांनीं जवळजवळ बिनखर्चांत केला होता.

तो खेळ म्हणजे १९८४ सालीं प्रसिद्ध झालेला ‘एलिट’. डेव्हिड ब्रेबेन व इअन बेल हे त्याचे कर्ते. बीबीसी मायक्रो नांवाच्या ज्या संगणकावर तो प्रथम चालला त्याची मेमरी अवघी ३२ किलोबाइट होती. (भारत सरकारनें त्याच वर्षीं सुरू केलेल्या संगणक-साक्षरतेच्या योजनेंत हेंच यंत्र आपल्याकडील शाळांत आलें होतें. त्याच्या कळफलकावरील तांबड्या कळांची रांग माझ्या पिढींतील कांहीं वाचकांना आठवत असेल.) एवढ्या जागेंत ताऱ्यांची यादी ठेवणें अशक्य. म्हणून या दोघांनीं यादी न ठेवतां यादी करण्याचें सूत्र ठेवलें. एका आरंभींच्या संख्येवरून पुढची, तिजवरून त्याहून पुढची, अशा क्रमानें प्रत्येक ताऱ्याचें स्थान, नांव, राज्यपद्धति, बाजारभाव हें सारें गरज पडेल तेव्हां नव्यानें काढावयाचें. या युक्तीनें आठ आकाशगंगा व प्रत्येकींत २५६ तारे त्या चिमुकल्या यंत्रांत मावले. वस्तुतः त्याच सूत्रानें कोट्यवधि आकाशगंगा काढतां आल्या असत्या, व कर्त्यांचा तसा विचारहि होता. प्रकाशकांनीं त्यांना आवरलें. इतकें दिलें तर हें सारें गणित आहे हें उघडें पडेल, ही त्यांची भीति. सूत्रानें एका ताऱ्याला असभ्य नांव बहाल केलें म्हणून ती आकाशगंगाच बाद करून दुसरी घ्यावी लागली, अशीहि हकीकत आहे. यंत्रानें प्रसवावें व माणसानें निवडावें हा धडा तेव्हांच मिळाला होता.

परंतु ‘एलिट’चें मर्म ताऱ्यांच्या संख्येंत नव्हतेंच. यानाची टाकी काठोकाठ भरली तरी एका उडींत सात प्रकाशवर्षांपलीकडे जातां येत नसे. दूरचा तारा गांठावयाचा तर मधले तारे धरीत जावें लागे, आणि त्यांपैकीं कोणता शांत व कोणता लुटारूंचा हें पाहून मार्ग आंखावा लागे. उडी मारल्यावरहि मुक्कामाचें स्थानक दूर असे. तेथवर जातांना चांचे आडवे येत. आणि शेवटीं स्वतःभोंवतीं फिरणाऱ्या त्या स्थानकाच्या अरुंद दारांतून यान आंत घालतांना नवशिके आपटून मरत. थोडक्यांत, तेथें वाट होती.

‘वाट’ हा शब्द मी मुद्दाम वापरतों. मोकळ्या जगाचा खेळ हा प्रवासवर्णनाचा धाकटा भाऊ आहे, आणि प्रवासवर्णनाचा जीव मुक्कामांत नसून दोन मुक्कामांच्या मध्यें असतो. वरसईचे विष्णुभट गोडसे उत्तरेकडे निघाले ते यज्ञांतील दक्षिणेच्या आशेनें. त्या दक्षिणेचा हिशेब आज कोण वाचतो? वाटेंत १८५७ चें बंड भेटलें, झांशी भेटली, लुटालूट भेटली, म्हणून ‘माझा प्रवास’ झाला.

जमिनीवरील खेळाला ही मधली जागा आयती मिळते. तिचा उपयोग करण्याची अक्कल तेवढी हवी. ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’चे दिग्दर्शक हिदेमारो फुजिबायाशी यांनीं आपल्या ओळखीच्या क्योटो शहराचा नकाशा खेळांतील प्रदेशावर ठेवून पाहिला, आणि अमुक जागेहून तमुक जागीं चालत जावयास किती वेळ लागतो या अनुभवाच्या मापानें अंतरें ठरविलीं. टेकड्या, खडक, इमारती यांचे आकार या निर्मात्यांनीं त्रिकोणासारखे योजले. त्रिकोण दोन कामें करतो. चढून जावें कीं वळसा घालावा हें तो आपणांस ठरवावयास लावतो, आणि आपल्या पाठीमागचें दृश्य झांकून धरतो. टेकडीआडून एखाद्या देवळाचें टोंक दिसलें कीं पाय तिकडे वळलेच. डोंगर हा येथें शोभेचा नसून तो एक पडदा आहे, आणि तो पाहणाऱ्याला स्वतःच्या पायांनीं दूर सारावा लागतो.

आतां अंतराळ पाहा. तेथें कांहीं झांकलेलें नाहीं. चंद्र ३ लक्ष ८४ हजार किलोमीटरांवर आहे, आणि सूर्याखेरीज सर्वांत जवळचा तारा सुमारें ४० लक्ष कोटि किलोमीटरांवर. मध्यें टेकडी नाहीं, ओढा नाहीं, धर्मशाळा नाहीं. जें आहे तें पहिल्या क्षणापासून ठिपका म्हणून दिसतें, आणि कितीहि जवळ गेलें तरी बराच काळ ठिपकाच राहतें. वळसा घालावयास कारण नाहीं, कारण आडवें येणारें कांहीं नाहीं. आपल्या वाङ्मयांतील सर्वांत प्रसिद्ध आकाशप्रवास मेघदूताचा. पण यक्षानें मेघाला रामगिरीपासून अलकेपर्यंत सांगितलेला मार्ग पाहिला तर तो सगळा जमिनीवरचा आहे: नर्मदा, विदिशा, आणि आडवाट पडली तरी चुकवूं नये अशी उज्जयिनी. कालिदासाला आकाशांत वाट सांपडली ती खालीं पृथ्वी होती म्हणून. अंतराळयानाच्या खिडकींतून खालीं पाहावें म्हटलें तर खालीं म्हणजे कोणती बाजू, येथूनच प्रश्न.

म्हणून निर्मात्यापुढें दोनच मार्ग उरतात. अंतरें खरींखुरीं ठेवावीं, तर खेळणारा हात जोडून बसून राहतो. अंतरें पुसून टाकावीं, एका कळीसरशीं ताऱ्यावरून ताऱ्यावर उडी मारूं द्यावी, तर नुसते मुक्काम उरतात. प्रवास जाऊन वेळापत्रक हातीं येतें.

यंत्रालाहि हीं अंतरें सोसत नाहींत. खेळांतील वस्तूंचीं स्थानें संगणकांत सामान्यतः ज्या प्रकारच्या संख्यांनीं ठेवतात, त्यांत सुमारें सात अंकच विश्वासार्ह असतात. आरंभबिंदूपासून एक कोटि मीटर, म्हणजे दहा हजार किलोमीटर, दूर गेलें कीं मीटरापेक्षां बारीक हालचाल त्या संख्येंत मावतच नाहीं. आणि दहा हजार किलोमीटर म्हणजे पृथ्वीच्या व्यासाहूनहि कमी! मग यानाचे सांधे थरथरूं लागतात, पाय जमिनींत रुततात. ‘कर्बल स्पेस प्रोग्रॅम’ (२०१५) खेळणाऱ्यांनीं अशा रीतीनें अकारण फुटणाऱ्या यानांचा दोष क्राकेन नांवाच्या दंतकथेंतील सागरी राक्षसावर लादला होता. यावर जो उपाय सांपडला तो मोठा मौजेचा आहे. खेळणाऱ्याला हालवावयाचेंच नाहीं. त्याला केंद्रस्थानीं ठेवून सारें विश्व उलट दिशेनें सरकवावयाचें. कोपर्निकसानें ज्याला सिंहासनावरून उठविलें त्याला संगणकानें पुनः तेथें बसविलें आहे. असो. यांत्रिक अडचणींना यांत्रिक तोडगे निघतात. वाटेच्या अभावाला तसा निघत नाहीं.

‘नो मॅन्स स्काय’ (२०१६) हा याचा सर्वांत बोलका दाखला. हॅलो गेम्स या लहानशा इंग्रज मंडळीनें ‘एलिट’चेंच सूत्र पुढें नेलें, आणि या वेळीं आवरणारा प्रकाशक कोणी नव्हता. ग्रहांची संख्या निघाली दोनाचा चौसष्टावा घात, म्हणजे १८,४४६,७४४,०७३,७०९,५५१,६१६. प्रत्येक ग्रहावर एकच सेकंद थांबावयाचें ठरविलें तरी सुमारें ५८ हजार कोटि वर्षें लागतील. विश्वाचें आजचें वय १,३८० कोटि वर्षांच्या आसपास आहे. मीं पहिल्या ग्रहावर पाऊल ठेवलें तेव्हां तें नारिंगी गवत व तो हिरवट सूर्य पाहून कांहीं वेळ खरोखर स्तब्ध झालों. पांचव्या ग्रहावर मी तुलना करूं लागलों. दहाव्याच्या सुमारास सूत्र दिसूं लागलें: हें धड तेथें पाहिलें होतें, हे पाय आणखी कोठें. ॲरिस्टॉटलनें काव्यशास्त्रांत हजार मैल लांबीच्या प्राण्याचें उदाहरण घेऊन म्हटलें आहे कीं तो सुंदर असूं शकत नाहीं, कारण त्याचें एकत्व एका दृष्टिक्षेपांत येत नाहीं. येथें त्याहून विपरीत घडतें. प्राणी हजारच काय, अब्जावधि मैलांचा आहे. पण त्याचा हातभर तुकडा पाहिला कीं उरलेला सारा कळतो.

खेळ प्रसिद्ध होतांच ग्राहकांनीं जो गदारोळ केला त्यांत निर्मात्यांच्या अतिरंजित बोलण्याचा दोष होता, हें खरें. पण त्या मंडळीनें पुढें जी चिकाटी दाखविली तीहि नमूद केली पाहिजे. वर्षानुवर्षें त्यांनीं पैसा न घेतां खेळांत भर घातली, आणि गेलेलें नांव परत मिळविलें. भर कशाची घातली हें मात्र पाहण्यासारखें आहे. २०१६ च्या अखेरीस स्वतःचें ठाणें बांधण्याची सोय, २०१८ मध्यें इतर खेळणाऱ्यांची खरी सोबत, २०१९ मध्यें सर्वांनीं एकत्र जमण्याचें एक ठिकाण. वाढली ती ग्रहांची संख्या नव्हे. वाढला तो शेजार.

बेथेस्डा या अमेरिकन कंपनीचा इतिहास तर एखाद्या दृष्टांतकथेसारखा आहे. १९९६ च्या ‘डॅगरफॉल’मध्यें त्यांनीं ग्रेट ब्रिटनएवढ्या विस्ताराचा प्रदेश सूत्रानें निर्माण केला, त्यांत गांवें, किल्ले, भुयारें मिळून पंधरा हजारांच्या घरांत ठिकाणें होतीं, आणि दोन गांवांतला फरक सांगणें कठीण होतें. २००२ च्या ‘मॉरोविंड’मध्यें त्यांनीं तें सर्व टाकून एकच बेट घेतलें व दगडन् दगड हातानें मांडला. लोकांना तें बेट अद्याप पाठ आहे. ‘स्कायरिम’ची कीर्तिहि याच संयमाची. मग २०२३ मध्यें ‘स्टारफील्ड’ आला, हजाराहून अधिक ग्रह घेऊन, आणि ‘डॅगरफॉल’चे सर्व दोष जणुं व्याजासह परत आले. प्रसिद्ध झाला तेव्हां त्यांत यान चालवीत ग्रहावर उतरतां येत नसे. नकाशावर ठिकाण निवडावें, एक चित्र सरकावें, आणि आपण तेथें. उतरल्यावर आसपास कांहीं हस्तनिर्मित इमारती सूत्रानें पेरलेल्या असत. तीच ओसाड प्रयोगशाळा, तींत त्याच जागीं पडलेलें तेंच प्रेत, त्याच्या शेजारीं तीच चिठ्ठी, हें मीं दोन निरनिराळ्या सूर्यांच्या प्रकाशांत वाचलें. दुसऱ्यांदा वाचतांना मला त्या मेलेल्या माणसाविषयीं वाईट वाटावयास हवें होतें. वाईट वाटलें तें ती चिठ्ठी लिहिणाऱ्या लेखकाविषयीं.

बहुतेक ग्रह ओसाड कां, या आक्षेपाला कंपनीकडून असें उत्तर देण्यांत आलें कीं, चंद्रावर जे गेले त्यांना तेथें कांहीं नसूनहि कंटाळा आला नव्हता. उत्तर चतुर आहे, पण तेंच प्रतिपक्षाची बाजू सिद्ध करतें. १६ जुलै १९६९ रोजीं निघालेले लोक २० जुलैला उतरले. त्या चार दिवसांत परतीची खात्री कोणालाच नव्हती. शेवटच्या क्षणीं खडकाळ जागा टाळून यान पुढें न्यावें लागलें तेव्हां टाकींत अगदींच थोडें इंधन उरलें होतें. त्या धुळीला जी किंमत होती ती वाटेनें दिलेली होती. एडमंड बर्कनें १७५७ सालीं भव्यतेची मीमांसा केली तींत विस्ताराला स्थान आहेच, पण पाया भयाचा आहे. नकाशावर बोट ठेवून जो विस्तार ओलांडतां येतो त्याचें भय कसलें वाटणार?

मग अंतराळाचा चांगला खेळ होऊंच शकत नाहीं काय? होतो. ‘आउटर वाइल्ड्स’ (२०१९) हा माझ्या मतें या प्रकारांतील सर्वांत श्रेष्ठ खेळ, आणि तो आकारानें सर्वांत लहानांपैकीं एक आहे. ॲलेक्स बीचम यांनीं दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठांतील पदव्युत्तर अभ्यासाचा प्रबंध म्हणून त्याचा आरंभ केला. सूर्यमाला एकच, आणि ग्रह इतके लहान कीं एखाद्याला पायीं प्रदक्षिणा घालावयास फार वेळ लागूं नये. बावीस मिनिटांनीं सूर्य फुटतो, सर्व नष्ट होतें, आणि खेळणारा पुनः आरंभींच्या शेकोटीपाशीं जागा होतो. त्याच्याजवळ उरतें तें केवळ ज्ञान. शस्त्र नाहीं, संपत्ति नाहीं. काय कळलें तेवढेंच पुढच्या खेपेस कामास येतें.

या खेळाची खरी करामत मला उशिरां उमगली. एकमेकांभोंवतीं फिरणारे दोन जुळे ग्रह त्यांत आहेत. एकावरील वाळू स्तंभासारखी वर उठून दुसऱ्यावर ओतली जाते, घटिकायंत्रांतल्यासारखी. आरंभीं एका ग्रहावरील गुहा मोकळ्या असतात व दुसऱ्यावरील मनोरे पुरलेले. पंधरा मिनिटांनीं गुहा भरून जातात आणि मनोरे उघडे पडतात. दुसरा एक ग्रह पोकळ आहे. त्याच्या पोटांतील कृष्णविवरांत त्याचें कवच तुकड्यातुकड्यानें कोसळत असतें, तेव्हां आतां ज्या पुलावरून गेलों तो परततांना असेलच असें नाहीं. क्योटोच्या निर्मात्यांनीं जें काम डोंगराकडून करून घेतलें तें येथें वाळूकडून करून घेतलें आहे. अंतराळांत झांकण्यास कांहीं नाहीं हें ओळखून या लोकांनीं काळाचा पडदा केला. केव्हां जावें हीच तेथील वाट.

हें अंतराळ नव्हे, अंतराळाचें खेळणें आहे, असें कोणी म्हणेल. रंगभूमीवरचा महालहि महाल नसतो. मला दिसणारा दोष वेगळा आहे: हा खेळ एकदांच खेळतां येतो. सर्व कळलें कीं त्या दारांतून पुनः अज्ञानानें आंत जातां येत नाहीं, आणि ज्याला विश्वांत राहावयाचें आहे, नुसतें तें समजून घ्यावयाचें नाहीं, त्याची भूक येथें भागत नाहीं.

तशी भूक असणारे ‘एलिट डेंजरस’ (२०१४) कडे जातात. तो जुन्या ‘एलिट’चाच वारस, ब्रेबेन यांच्याच कंपनीनें केलेला. त्यांत आपली आकाशगंगा खऱ्या मापानें घातली आहे, सुमारें ४० हजार कोटि सूर्यमाला. माझ्या आतांपर्यंतच्या म्हणण्याप्रमाणें हा खेळ सपशेल फसावयास हवा, आणि बऱ्याच अंशीं तो फसतोहि. तास-तासभर ठिपक्यावरून ठिपक्यावर उड्या मारतांना मला डुलकी लागली आहे. पण वडिलोपार्जित एक वस्तु त्यानें टाकली नाहीं, ती म्हणजे टाकी. उडीला मर्यादा आहे, इंधन संपतें, आणि तें कांहीं जातींच्या ताऱ्यांना निसटतें घांसून जातांना भरून घेतां येतें, कांहींपासून थेंबहि मिळत नाहीं. एवढ्या एका अटीनें त्या रिकाम्या आकाशांत पाणवठे व ओसाड माळ निर्माण झाले. २०१९ च्या जानेवारींत दहा हजारांहून अधिक खेळणारे एकत्र निघाले आणि ठरलेले मुक्काम करीत, सूर्यापासून सुमारें ६५ हजार प्रकाशवर्षांवरील ‘बीगल पॉइंट’ नांवाच्या ताऱ्यापर्यंत गेले. त्याला कित्येक महिने लागले. आपल्याकडील माणसाला दिंडीची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं.

आणि इंधन संपून जे अडकतात त्यांच्यासाठीं २०१५ पासून खेळणाऱ्यांपैकींच कांहींनीं एक पथक चालविलें आहे. ‘फ्युएल रॅट्स’ असें त्याचें गमतीचें नांव. मोबदला घेत नाहींत. हिशेब चुकून मीहि एकदां एका काळपट, निरुपयोगी ताऱ्याजवळ असा अडकलों. संदेश धाडला, सांगितल्याप्रमाणें यानांतील एकेक यंत्रणा बंद करीत आणली, शेवटीं दिवेहि मालवले. कोणी तरी निघालें आहे आणि अर्ध्या तासांत पोंचेल, एवढेंच कळलें होतें. त्या अंधारांत बसून मी खिडकीबाहेरचे ठिपके न्याहाळीत होतों, आणि त्यांतला कोणता हलतो आहे हें महिनाभरांत प्रथमच मनापासून पाहत होतों.